दोरे न सोडणारी स्ट्रॉबेरी

२ मार्च

वहिनी,

फोन तू उचलणार नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून कागद. कागद निदान सावकाश फाडता येतो. पत्ता तुझ्या जुन्या चष्म्याच्या दुकानातून मिळाला. मालकांनी आधी आढेवेढे घेतले, मग म्हणाले, "तिच्यासारख्या काचा घासणारी पुन्हा मिळाली नाही हो," आणि लिहून दिला. त्यांच्यावर रागावू नकोस.

कामाचं सांगते. दादा मागच्या अंगणात फरशी घालतोय. त्याला गाडी आत घ्यायची आहे. फरशीवाला महिनाअखेरीला येणार, म्हणजे भिंतीलगतचा तुझा वाफा जाणार.

तीन वर्षांपूर्वी घटस्फोटाच्या कागदांवर सह्या करून तू गेलीस, तेव्हा दोन बॅगा आणि तुझं भिंग एवढंच नेलंस. डोंगरी स्ट्रॉबेरीचं एक रोपही घेतलं नाहीस. पण मला आठवतं, दर उन्हाळ्यात तू पूर्ण वाफ्यातून एकच झाड निवडायचीस, ज्याच्या फळाला सगळ्यांत जास्त वास, आणि फक्त त्याचंच बी धरायचीस. पाच वर्षं हे चाललं. बोटाच्या पेराएवढी ती फिकट पिवळी फळं दुसरीकडे कुठेच नाहीत. ती फरशीखाली जाऊ द्यायची नाहीत, जिवंत तुझ्या हातात द्यायची, एवढं मी ठरवलंय.

काल जाऊन निवड केली. तेवीस ठोंब होते, बहुतेक म्हातारे, मधून पोकळ झालेले. त्यांखेरीज कोपऱ्यातल्या काही रोपांनी मात्र छान लांब दोरे सोडलेत आणि दोऱ्याच्या टोकाला गोड बाळरोपं आहेत. अशी नऊ काढून कुंड्यांत लावली. थकलेले तेवीसही उपटून खताच्या खड्ड्यावर टाकले. दादा म्हणाला, "तुला बागकाम केव्हापासून यायला लागलं?" मी म्हटलं, "लॅबमध्ये दिवसभर अख्ख्या गावाचं रक्त सांभाळते, नऊ कुंड्या सांभाळता येणार नाहीत होय?"

आई गेल्या वर्षीपासून माझ्याकडे असते. गुडघे धरलेत. तिची खुर्ची गॅलरीत, आता तिच्या शेजारी कुंड्या.

कधी आणि कुठे आणून देऊ, तेवढं कळव.

तुझी नणंद


६ एप्रिल

वहिनी,

तू उत्तर दिलं नाहीस ते बरं झालं. मी मारलेल्या फुशारकीला उत्तर नव्हतंच.

काल सकाळी पहिलं फूल उमललं. पिवळं. तुझ्या वाफ्यातली फुलं पांढरी असायची, एवढं माझ्यासारख्या आंधळीलाही आठवतं. कुंडी उचलून तशीच रोपवाटिकेत गेले. तिथल्या म्हाताऱ्याने पान उलटून पाहिलं आणि हसला.

"ही नकली हो बाई. तण आहे. लाल गोळी धरेल, चव पाण्याची."

"पण हिने दोरे सोडले होते. बाळरोपं होती."

"म्हणूनच म्हणतो. तुम्ही सांगताय ती डोंगरी दोरे सोडत नाही."

"मग ती वाढते कशी?"

"बियांतून. नाही तर कुणी प्रेमाने ठोंब फोडून लावला, तर."

नमुना तपासल्याशिवाय रिपोर्ट लिहायचा नाही, हे मी नव्या मुलींना रोज सांगते. आणि इथे मी काय केलं? जिच्याभोवती बाळं दिसली तिला उचलून कुंडीत बसवलं. जिच्याभोवती नव्हती, तिच्यात काही उरलं नाही असं समजून उपटून टाकलं. आमच्या घरात ही चूक पहिल्यांदा झालेली नाही, वहिनी. तेवढं कळण्याइतकी अक्कल मला आहे.

रोपवाटिकेतून थेट दादाकडे गेले. फरशी बसून आठवडा झाला होता. खताच्या खड्ड्यावर फरशीवाल्यांनी विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्या टाकलेल्या. मी विटा उचलायला लागले. दादा दारात उभा राहून पाहत होता, मग बाहेर आला आणि तोही उचलायला लागला. खाली बावीस ठोंबांचा लगदा झाला होता. तेविसावा खड्डा आणि भिंत यांच्या फटीत पडला होता. उलटा. तरी त्याने बाजूने वळून तीन पानं वर काढली होती.

तुझ्या पाच वर्षांतलं एवढंच उरलंय. लॅबमधल्या ओल्या कापसात गुंडाळून घरी आणलंय. याचं काय करू? मला हव्या त्या शिव्या दे, पण त्याआधी हे सांग.


१७ एप्रिल

वहिनी,

तुझं कार्ड आलं. "कोंब किती ते मोज. मुळं धुऊन मगच फोड, म्हणजे कुठून फोडायचं ते दिसेल. प्रत्येक तुकड्याला मूळ हवं. कोंब मातीत गाडू नकोस, कुजतो." वर प्रिय नाही, खाली सही नाही. मी ते इतक्या वेळा वाचलं की आई म्हणाली, "कसली गुणपत्रिका आहे ती?" मी म्हटलं, "हो, नापास झालेय, पण फेरपरीक्षा आहे."

कोंब पाच होते, त्यातले दोन मऊ पडलेले. बादलीत धुतल्यावर खरंच सगळं दिसलं. आत ठोंब आधीच वेगळा व्हायला निघालेला होता, मला फक्त अंगठ्याने मदत करायची होती. तरी मी आधी तीनदा हात धुतले. मी वीस वर्षं तान्ह्या मुलांच्या शिरा शोधते गं, तेव्हा एकदाच धुते.

तुझा हात आठवत होता. भुवया कोरायचा चिमटा घेऊन, भिंग डोळ्याला लावून, नखाहून लहान रोपं एका ट्रेमधून दुसऱ्या ट्रेमध्ये हलवायचीस. एकदा मला करू दिलंस. मी देठाला धरलं तर हातावर चापट मारलीस. "पानाला धर. पान तुटलं तर दुसरं येईल. देठ एकच असतो." मी म्हटलं, "वहिनी, तुझ्या दुकानातली गिऱ्हाइकं घाबरत असतील तुला." तू म्हणालीस, "घाबरतात, पण त्यांना दिसतं नीट."

मी लॅबमधून घरी आले की आधी वाफ्याशी यायचे आणि विचारायचे, "आज हवामान कसं?" तू आत स्वयंपाकघरात आईकडे पाहून सांगायचीस, "सकाळपासून ढगाळ, जेवताना गडगडाट." आणि आपण दोघी हसायचो. त्या हसण्याची आता मला लाज वाटते. गडगडाट तुझ्यावर व्हायचा आणि मला फक्त बातमी कळायची.

तीन तुकडे लावलेत. कोंब गाडलेले नाहीत.


२९ मे

वहिनी,

एक तुकडा गेला. चौथ्या दिवशी मान टाकली ती वर आलीच नाही. उरलेल्या दोघांनी इतका वेळ काही केलं नाही की मी रोज सकाळी नाडी बघितल्यासारखी पानाला हात लावून जायचे. मग अचानक फुलं आली. पांढरी. लॅबला उशीर झाला, कारण मी पाहत बसले होते.

आणि आता फळं. आई खुर्चीतून पाहत असते. "कच्ची आहेत अजून," म्हणाली. मी म्हटलं, "पक्षीही तसंच समजतात, म्हणून वाचतात." हे तुझंच वाक्य. पिकली हे रंगावरून कळत नाही, वास येतो आणि बोट लावलं की फळ आपणहून हातात येतं. परवा तसं एक आलं. मुठीत धरून आत गेले तर खोलीला कळलं. एवढ्याशा फळात हे तू आणलंस. निसर्गाने थोडं दिलं असेल, पण उरलेलं तू दर वर्षी नाकाने शोधून काढलंस. माझ्या ओळखीत कुणी इतका धीर धरून काही केलेलं नाही, आणि तेही शेजारून कुणी "वा" म्हणत नसताना.

पहिली वाटी तू नेहमी आईपुढे ठेवायचीस. आई सगळी संपवायची आणि वाटी परत देताना म्हणायची, "काहींच्या हाताखाली झाडंच वाढतात." तू वाटी धुवायचीस. दादा पेपर वाचत असायचा. मी ताटं पुसत असायचे.

मी फळ खाल्लं नाही, एकही नाही. चहाच्या गाळणीत चुरडून, धुऊन, बी गाळणकागदावर वाळवलंय. तुझ्या दुसऱ्या कार्डाप्रमाणे डबी तीन आठवडे फ्रिजमध्ये, अंड्यांच्या कप्प्यात. वर चिठ्ठी लावलीय: "मोहरी नाही." आईचा भरवसा नाही.

मला अजून एक लिहायचं आहे. आज नाही जमत.


२१ जून

वहिनी,

आज जमवते.

आधी मंगळवारचं. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिका वर आल्या होत्या. कुंड्या पाहून म्हणाल्या, "किती नाजूक! कुणाच्या हातच्या?" आई म्हणाली, "सुनेच्या. म्हणजे होती सून. हात चांगला होता तिचा, पण काय आहे, काहींच्या हाताखाली…"

"पुरे, आई," मी म्हटलं.

"काय पुरे?"

"ते वाक्य. वहिनीत काहीच कमी नव्हतं. मला पक्कं माहीत आहे. कसं, ते विचारू नकोस."

शिक्षिकांना एकदम गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं. आईने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी उलट्या बाजूने शिवलेला कपडा घालून समोर आले असावे, तसं. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. काही हवं असलं तर भिंतीकडे बघून "मीठ संपलंय" म्हणते.

आता ते पक्कं माहीत असण्याचं. हे लिहायच्या आधी मी दादाला विचारलं, कारण गोष्ट त्याची आहे. तो गाडी पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "लिही."

आठ वर्षांपूर्वी दादाचा नमुना आमच्याच लॅबमध्ये आला. त्या दिवशी सूक्ष्मदर्शकावर मी होते. मी दोनदा पाहिलं, मग सरांना पाहायला लावलं. मुलं होणार नव्हती ती त्याच्याकडून. तो बाहेर सायकलींच्या रांगेजवळ उभा होता. म्हणाला, "कुणाला सांगू नकोस." मी म्हटलं, "लॅबचा तसा नियमच आहे."

पाच वर्षं मी त्या नियमामागे उभी राहिले. आई तुला बोलायची आणि मी मनात म्हणायचे, मला बोलता येत नाही, मी बांधलेली आहे. मंगळवारी कळलं की हे खोटं होतं. आईला रिपोर्ट सांगायची गरजच नव्हती. "पुरे" एवढंच म्हणायचं होतं. त्या एका शब्दाला कुठलाच नियम आड येत नव्हता. मला फक्त घरात सगळ्यांची लाडकी राहायचं होतं.

क्षमा माग म्हणून कुणी सांगितलं नाही, आणि तू करावीस असा हट्टही नाही. तुझ्या मनात एवढी वर्षं स्वतःबद्दल काही शंका राहिली असेल, तर ती आज निघून जावी, म्हणून लिहिलं.

डबी उद्या फ्रिजमधून काढतेय.


९ ऑगस्ट

वहिनी,

सात आठवडे पत्र नाही म्हणजे संपलं असं मी धरून चालले होते. तरी बी पेरलं. ओल्या मातीवर नुसतं भुरभुरलं, वर माती टाकली नाही, कारण पहिल्याच वर्षी तू म्हणाली होतीस, याला उगवायला उजेड लागतो. सतरा दिवस काही नाही. आई भिंतीला म्हणाली, "माती पाळलीय." अठराव्या दिवशी भिंगाखाली हिरवे ठिपके. चाळीस उगवले, एकतीस टिकले. आणि परवा तुझं पत्र.

तुला माहीत होतं.

त्याने त्याच आठवड्यात तुला सांगितलं होतं, आणि कुणाला सांगायचं नाही हे तू ठरवलंस. मी हे वाचून उठून पाणी प्यायले आणि परत बसले. म्हणजे ती प्रत्येक वाटी, ते प्रत्येक वाक्य, तू सगळं जाणून ऐकलंस. त्याला वाचवायचं म्हणून. आणि मी तुझी शंका दूर करायला निघाले होते!

तू लिहिलंयस, "आईंचा राग नव्हता, त्यांना माहीत नव्हतं. माहीत असलेले दोघं जेवत राहायचे, त्याचा होता." हे वाक्य मी पाठ केलंय. करायचं नव्हतं, झालं. पण त्याच्या खालचं वाक्यही झालंय: "तुझा रिपोर्ट वाचून बाजूला ठेवला. 'पुरे' वाचल्यावर मात्र त्या दिवशी एक काच धड घासली गेली नाही."

रोप का नेलं नाहीस, तेही आता कळलं. "मी निघाले तेव्हा वाफा फुलावर होता. फुलावर आलेलं झाड उपटत नाहीत." ज्या घराने तुला कधी हंगाम पाहून वागवलं नाही, त्या घरातून निघतानाही तू झाडांचा हंगाम पाहिलास. मी तुझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण आणखी साठ मिळाली तरी एवढी मोठी होईन असं वाटत नाही.

घरी येऊ नकोस म्हणतेस, नाही येत. गाडी बदलायचा जो थांबा आहे तिथे, तुझ्या सुट्टीच्या दिवशी, तुझी परतीची गाडी येईपर्यंत चाळीस मिनिटं. मला खूप आहेत. रोपांना पाच-सहा पानं आली की कळवते.


३० सप्टेंबर

वहिनी,

काल भेटलो, तरी आज लिहितेय, कारण काल तू मला बोलू दिलं नाहीस.

तुझे केस आखूड पाहून मी क्षणभर ओळखलं नाही. तू मात्र माझ्याकडे न बघता आधी खोक्यात पाहिलंस. सहा कुंड्या, एकतिसांपैकी पावसाने तेवढीच ठेवली. एकेक बाकावर ठेवल्यास. पहिली उलटी केलीस, तळहातावर मातीचा गोळा घेतलास, मुळं पाहिलीस आणि तीन वर्षांनंतरचं पहिलं वाक्य बोललीस.

"खोल लावलीस."

"कार्डात होतं तसंच…"

"कार्डात होतं गाडू नकोस. तू वाचलंस आणि गाडलंस."

आणि तिथेच, लोक सामान घेऊन जात-येत असताना, सहाही नव्याने लावायला बसलीस. झाडूवाली आली. "ताई, आत्ताच झाडलंय हो मी." तू मान वर न करता म्हणालीस, "झाडू इथे ठेवा, मी झाडून जाईन." तिला वाटलं तू नुसतंच बोलतेस. तू खरंच झाडलंस, बाकाखालीसुद्धा, आणि झाडू नेऊन तिच्या हातात दिलास. ती नंतर मला म्हणाली, "कोण तुमची?" मी खोक्यातल्या कुंड्या पुन्हा मोजल्या.

मी घरून वाक्यं तयार करून आणली होती. "वहिनी, मी…" म्हटलं तर तू म्हणालीस, "लिहिलंस ना? मग. बोलून पातळ करू नकोस." आणि एक रोप माझ्यापुढे धरलंस. "हे तू लाव. मी बघते." मी पानाला धरलं. तू चापट मारली नाहीस. हे मी कबुलीसारखं इथे लिहून ठेवतेय, कारण माझ्या आयुष्यातल्या परीक्षांपैकी हीच तेवढी सांगण्यासारखी.

मग तीन कुंड्या तू पिशवीत घातल्यास आणि तीन परत माझ्या खोक्यात.

"सगळी तुझी आहेत," मी म्हटलं.

"एकाच घरात ठेवली की एक दिवस कुणीतरी फरशी बसवतं. तीन तुझ्याकडे. तुझी गेली तर माझ्याकडून ने. माझी गेली तर मी मागीन."

तू कधी कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नाही. म्हणून तुझी गाडी गेल्यावर बराच वेळ तिथेच बसले होते. माझी एक गाडी चुकली.

घरी पोचले तेव्हा ऊन अजून गॅलरीत होतं. आई खुर्चीत. खोकं पाहून म्हणाली, आणि या वेळी भिंतीला नाही, मला म्हणाली, "सहा नेली होतीस. तीन परत कशी?"

"वाटून घेतली. वहिनीला भेटायला गेले होते."

"वहिनी कसली आता? दादाचं आणि तिचं काय राहिलंय? कुणाची वहिनी ती?"

"माझी," मी म्हटलं.

मी गडगडाटाची वाट पाहत खोकं धरून उभी राहिले. कठड्यालगत जिथे ऊन शेवटपर्यंत टिकतं, ती जागा आईच्या खुर्चीची. तिने कुंड्यांकडे पाहिलं. मग दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर रोवून, गुडघ्यांना शिव्या देत उठली आणि खुर्ची मागे ओढली.

"ठेव," म्हणाली.

ठेवलीत. कोंब वर आहेत, बघून घेतलं.

तुझी
नणंद